देवगिरीवर चढायची वाट

श्रोते हो, छत्रपती संभाजीनगराहून वेरूळला जाणाऱ्या गाडीत आपण कधी ना कधी बसला असालच. शहर मागे पडते, छावणी मागे पडते आणि पंधरा-सोळा किलोमीटर गेल्यावर एक डोंगर समोर उभा राहतो. आजूबाजूच्या डोंगरांशी त्याचे नाते दिसत नाही. एखाद्या शेतकऱ्याने खळ्यात रास घालून वर मडके पालथे घालावे तसा तो एकटाच मैदानात बसलेला आहे. हा देवगिरी. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे आणली, तेव्हा याचे नाव दौलताबाद झाले. आजही दोन्ही नावे चालतात. गावचा माणूस दौलताबाद म्हणतो, आणि कीर्तनकार देवगिरी म्हणतो.

गाडीतून बघताना एक गोष्ट नजरेतून सुटते. डोंगराचा वरचा भाग इतर डोंगरांसारखाच उतरता आहे, गवत आहे, झुडपे आहेत. पण निम्म्याखाली तो उतार एकदम तुटतो, आणि तिथून खाली जवळजवळ ५० मीटर सरळ भिंतच आहे. तुम्ही म्हणाल, आपल्या सह्याद्रीत कडे काय थोडे आहेत? खरे आहे. पण हा कडा निसर्गाने केलेला नाही. तो माणसाने केलेला आहे. डोंगराच्या भोवती फिरून, चहूबाजूंनी, सुताराने लाकूड तासावे तसा हा खडक तासून काढला आहे.

मग असा डोंगर, ज्याला पायथ्याशी हात लावायलाही जागा ठेवली नाही, त्याच्यावर माणसे चढत कशी होती? आज मला एवढ्याच एका गोष्टीविषयी आपल्याशी बोलायचे आहे. किल्ल्याचे राजे आणि लढाया शाळेच्या पुस्तकात आहेत. वाटेची हकीकत मात्र आपण बहुधा वाटाड्याच्या तोंडून ऐकतो, तीही अंधारात, घाबरत घाबरत. बाहेर आल्यावर त्यातले खरे किती हे विचारायचे राहून जाते.

आधी खडकाचे सांगतो. आपल्या मराठवाड्याच्या पायाखाली जो काळा पाषाण आहे तो लाव्हाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा तप्त रस एकावर एक थर देत पसरला आणि थिजला. म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजून उतरता होतो. पावसापाण्याने सगळीकडची माती-दगड वाहून गेले आणि मधला एक तुकडा शिल्लक राहिला, तोच हा देवगिरी. मैदानापासून त्याची उंची साधारण २०० मीटर.

सिंहगडाची गोष्ट आपल्या लेकरांना तोंडपाठ असते. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे रात्री कड्याने वर चढले. तो कडा भयंकर आहे खरा, पण निसर्गाचा आहे. निसर्गाच्या कड्याला थराथरांत बारीक कपारी असतात, एखादे झुडूप असते, बोटे रुतवायला चीर असते. जातिवंत चढणाऱ्याला तेवढे पुरते. देवगिरी तासणाऱ्यांनी नेमके हेच काढून घेतले. कपार ठेवली नाही, झुडपाला मूळ धरायला फट ठेवली नाही. मी विद्यार्थ्यांना दरवर्षी त्या कड्यासमोर उभे करतो आणि विचारतो, ‘मावळ्याने हात कुठे घातला असता?’ पोरे बराच वेळ वर बघतात. मग एखादा म्हणतो, ‘सर, इथे नाही जमणार.’

हे तासकाम केले कुणी? देवगिरी नगरी यादव राजा पाचवा भिल्लम याने ११८७ च्या सुमारास वसवली. पण डोंगराला छिन्नी त्याच्याही आधी लागली असावी. याच डोंगराच्या पोटात काही लेणी आहेत, त्यांतली कित्येक अर्धवट टाकून दिलेली. इथून वेरूळ कितीसे दूर? बैलगाडीने गेलात तरी अर्ध्या दिवसाची वाट. ज्या मुलखात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, कैलास लेणे वरून खाली कोरत आणले गेले, त्या मुलखातल्या पाथरवटाला डोंगराची बाजू उभी तासणे हे काही नवल वाटले नसणार. माझे स्वतःचे मत असे, की देवगिरीचा कडा ही वेरूळच्या विद्येचीच थोरली बहीण नसली तरी धाकटी खास आहे. लेणी कोरणाऱ्याने देवासाठी दगड काढला, इथे तो राजासाठी काढला. हत्यारे तीच, टाकी, घण आणि पहार.

कड्याच्या तळाशी खडकातच खोदलेला खंदक आहे. शहाजहान बादशहाच्या दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने सतराव्या शतकात त्याची मापे नोंदवून ठेवली आहेत. डोंगराचा घेर ५००० हात, तासलेल्या कड्याची उंची १४० हात, खंदकाची रुंदी ४० हात आणि खोली ३० हात, असे तो सांगतो. दरबारी माणसाचा आकडा जरा फुगलेला असतो, कड्याची उंची त्याने वाढवलीच आहे. तरी शिक्षक मित्रांनो, हे गणित वर्गात घालण्यासारखे आहे. ५००० गुणिले ४० गुणिले ३०, म्हणजे ६० लाख घनहात. हात दीड फुटाचा धरला तर दोन कोटी घनफुटांवर दगड होतो. बैलगाडीत काळा दगड दहा घनफुटांपेक्षा जास्त घालू नये, बैल बसतील. म्हणजे वीस लाख गाड्या! खंदक सगळीकडे सारखा नाही, म्हणून यातले निम्मे सोडून द्या. दहा लाख गाड्या राहिल्या. हा दगड वाया गेला नाही. खालच्या तटबंदीला, वाड्यांना दगड लागलाच होता, आणि तो दाराशीच निघाला.

खंदक यादवांनी खोदला की पुढे तुघलकाच्या काळात, यावर विद्वानांत दोन मते आहेत. या वादात आपण फार शिरू नये. कारण इतके मोठे काम एका राजाचे नसतेच. एकाने तासायला घेतले, दुसऱ्याने खोल केले, तिसऱ्याने पाणी सोडले, असेच झाले असणार.

आता वाटेकडे येऊ. वर जायच्या वाटेची जुनी आणि माझ्या मते सर्वांत मोलाची साक्ष एका परक्या माणसाची आहे. मोरोक्को देशातल्या तांजिअर गावचा इब्न बतूता हा प्रवासी १३४२ नंतर दिल्लीहून दक्षिणेकडे येताना दौलताबादेत उतरला होता. त्याने लिहून ठेवले आहे की वरच्या किल्ल्यावर जायला कातड्याची शिडी आहे आणि रात्री ती वर ओढून घेतात.

कातड्याची शिडी! आपल्याकडे मोट असायची, नाडा असायचा, सोल असायचा. कातडे किती वजन पेलते हे शेतकऱ्याला सांगायला नको. चांगल्या कमावलेल्या कातड्याच्या वादीवर चार बैलांचा जोर आणि पाण्याने भरलेली मोट टांगलेली असे. त्याच कातड्याची शिडी करून त्यावर शिपाई चढत होते. संध्याकाळ झाली की वरचा पहारेकरी विहिरीवरचा दोर गुंडाळावा तशी ती ओढून घेत असेल. मग रात्रभर डोंगर आणि जमीन यांचा संबंध तुटला. वर तुघलकाच्या कैद्यांची तळघरे होती. त्या तळघरातले उंदीर मांजरांनाही भारी होते असे तिथे कोंडलेल्या एका सरदाराने इब्न बतूताला सांगितले होते. वर जाणे सोपे नव्हते, आणि कैद्याला खाली येणे त्याहून अवघड.

ही शिडी होती म्हणजे आजची अंधारी त्या वेळी नव्हती का? काही जण तसा अर्थ काढतात. दुसरा अर्थ असा, की अंधारी होती पण मधे कुठेतरी तुटक ठेवलेली होती आणि तेवढ्या तुटीपुरती शिडी होती. मला हा दुसरा अर्थ पटतो. डोंगराच्या पोटात आधीपासून कोरलेली दालने होती, लेण्यांचे ओटे होते. ती एकमेकांना जोडत जोडत, वळवत वळवत एक वाट झाली, आणि जिथे जोडायचे नव्हते तिथे शिडी टांगली. पुढे कुणाला तरी वाटले असावे की शिडीवरून दारूगोळा आणि धान्याची पोती किती काळ न्यायची? तेव्हा तीही तूट खोदून पायऱ्या केल्या.

सतराव्या शतकात मात्र वाट पुरी झालेली होती, यात शंका नाही. लाहोरी सांगतो की डोंगराच्या पोटातून मनोऱ्याच्या जिन्यासारखी वळत जाणारी काळोखी वाट आहे. भर दिवसाही तिथे दिवा लागतो, पायऱ्या खडकातल्याच आहेत आणि खालच्या तोंडाला लोखंडी दरवाजा आहे. वाटेच्या मधे ठेवायला लोखंडाची मोठी शेगडी केली होती, तीत विस्तव पेटवला की तिच्या झळेने पुढे पाऊल पडत नसे, हेही त्याने टिपले आहे. ही शेगडीची गोष्ट लक्षात ठेवा.

आज आपण जातो ती हीच वाट. बाहेरचा अंबरकोट, मलिक अंबराच्या नावाचा. मग महाकोट. त्याचे दरवाजे एकापाठोपाठ एक, पण एका रेषेत नाहीत. प्रत्येक दरवाजापाशी वळण. हत्तीला धाव घेऊन धडक द्यायला सरळ अंतरच मिळू नये हा हेतू. फळ्यांना अणकुचीदार खिळे आहेत. आत हत्ती हौद, बहामनी सुलतानाने पंधराव्या शतकात उभारलेला चांदमिनार, मग काळाकोट, चिनी महाल. या चिनी महालात गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला औरंगजेबाने कैदेत ठेवले आणि तो इथेच वारला. जवळच बुरुजावर मेंढा तोफ. इथवर सगळे बांधलेले आहे. यापुढे खंदक लागतो आणि बांधकाम संपते. पुढे सगळे कोरलेले.

खंदकावर आज लोखंडी पूल आहे. जुना पूल दगडी, अरुंद आणि मधे खोलगट होता. खंदकातले पाणी वाढवले की पुलाचा मधला भाग बुडायचा. वाटाडे इथे मगरींची गोष्ट सांगतात. मगरी सोडल्या असतील, नसतील. मला त्यांची गरज दिसत नाही. दोन्ही बाजूंना सरळ तासलेला खडक, वरून दगड आणि बाण. त्या पाण्यात पडलेला माणूस मगरीशिवायही कुठे निघणार होता?

पुलापलीकडे अंधारी. आत शिरले की चार पावलांत बाहेरचा उजेड संपतो. पायऱ्या एका उंचीच्या नाहीत, एक वीतभर, दुसरी हातभर. हे पाथरवटाचे हलगर्जीपण नाही. आपल्या घराचा जिना आपण काळोखात चढतो, कारण पायाला पायरीची उंची पाठ असते. इथे पायाला काही पाठ होऊच द्यायचे नाही. वाट वळते, कुठे फाटा फुटल्यासारखी वाटते, कुठे उजेडाचे भोक दिसते. उजेड दिसला की माणूस तिकडे धावतो, हा स्वभाव. वाटाडे सांगतात की त्या उजेडाकडे धावलेला शत्रू सरळ खाली खंदकात जाई. दोन्ही फाट्यांनी आलेली शत्रूचीच माणसे पुढे समोरासमोर येऊन एकमेकांना कापून काढत, असेही सांगतात. अशी लढाई या अंधारीत झाल्याचा दाखला मात्र नाही. शिक्षकांनी मुलांना हे सांगताना ‘असा बेत होता’ म्हणावे, ‘असे झाले’ म्हणू नये.

वरच्या तोंडाला लोखंडी झाकण असे. शत्रू आलाच तर ते बंद करून त्यावर निखारे पेटवायचे, म्हणजे खालची वाट धुराने भरेल, असे सांगतात. एकदा माझ्या वर्गातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने इथेच मला अडवले. म्हणाला, ‘सर, धूर वर जातो. आमच्या चुलीचा धूर तर धाब्यापर्यंत जातो. विस्तव वर लावला तर खालचा माणूस कसा गुदमरेल?’ प्रश्न अगदी रास्त होता, आणि मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. वाटाड्याने त्याला गप्प केले. मला ते आवडले नाही.

घरी येऊन विचार केला, पुढच्या खेपेस नीट पाहिले. झाकणाच्या जागेपासून जवळच खडकात आरपार कोरलेले एक भोक आहे. डोंगरावर वारा कायम असतो. भोकातून वारा आत आला की लोहाराच्या भात्यासारखे काम करतो. निखारे फुलतात, लोखंड लाल होते. लाल झालेले झाकण खालून कुणी खांद्याने उचलील का? मुख्य अडथळा धुराचा नसून तापल्या लोखंडाचा आणि झळेचा आहे. लाहोरीनेही झळेचेच नाव घेतले आहे. वारा जोराचा असेल तर थोडा धूर आत रेटला जाईल, पण तो वरकड. पुढच्या तासाला त्या मुलाला मी हे सांगितले. तो म्हणाला, ‘मग बरोबर.’

इतकी जय्यत वाट. आता विचारा, की ही वाट चढून शत्रूने देवगिरी कधी घेतला?

१२९६ साली अलाउद्दीन खिलजी कडा-माणिकपुराहून काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक देवगिरीवर आला. राजा रामचंद्रदेव यादव बेसावध होता, फौज मुलगा शंकरदेव याच्याबरोबर बाहेर होती. राजा किल्ल्यात शिरला. फिरिश्ता या इतिहासकाराने सांगितलेली गोष्ट अशी, की घाईघाईने वर नेलेली पोती व्यापाऱ्यांच्या तांड्याची होती. धान्य समजून वर चढवली आणि उघडून पाहतात तर आत मीठ! कोकणातून मिठाचे बैल घाट चढून वर येत, त्यांचीच ती पोती. गोष्ट शब्दशः खरी असो वा नसो, राजा तहाला आला तो कुणी कडा चढला म्हणून नव्हे. अलाउद्दीनाचा एकही शिपाई कड्याला लागला नव्हता.

पुढे १३४६ साली उलटे झाले. तुघलकाचे अमीर त्याच्यावर उठले आणि देवगिरीचा किल्ला धरून बसले. ज्याने हे दौलताबाद उभारले तोच सुलतान खाली वेढा देऊन बसला आणि वर जाऊ शकला नाही. त्याने मैदानातली लढाई जिंकली, शहर घेतले, पण डोंगर मिळाला नाही. इतक्यात गुजरातेत बंड झाले आणि त्याला जावे लागले. १३४७ साली इथेच बहामनी राज्य सुरू झाले. स्वतःच्या किल्ल्याची ताकद स्वतःच्याच पराभवातून कळण्याची पाळी फार थोड्या राजांवर आली असेल.

सगळ्यांत मोठा वेढा १६३३ चा. निजामशाहीचे शेवटचे दिवस, किल्ल्यात मलिक अंबराचा मुलगा फतेहखान, बाहेर शहाजहानचा सरदार महाबतखान. मोगलांनी अंबरकोटाखाली सुरुंग लावून तट उडवला, मग महाकोट घेतला. सुरुंग बांधलेल्या भिंतीला लागतो, या डोंगराला तो काय करणार? काळाकोट आणि वरचा बालेकिल्ला तसाच शिल्लक होता. अंधारी होती, शेगडी होती, पाणी होते. पण धान्य नव्हते. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेत जो महाभयंकर दुष्काळ पडला त्याला अजून वर्षही लोटले नव्हते. किल्ल्यात रोगराई पसरली. विजापूरची फौज आणि तिच्याबरोबर शहाजीराजे भोसले आत धान्य पोचवायची धडपड करत होते, पण तांडे मोगलांच्या हाती पडले. जूनमध्ये फतेहखानाने बोलणे लावले आणि दहा लाखांवर रुपये घेऊन किल्ल्या दिल्या. निजामशहा ग्वाल्हेरच्या कैदेत गेला. शहाजीराजांनी त्यानंतरही पेमगिरीवर एका लहान मुलाला गादीवर बसवून तीन वर्षे ते राज्य जिवंत ठेवले, पण देवगिरी गेला तो गेलाच.

१७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर हा किल्ला तहातून मराठ्यांकडे आला, आणि काही काळाने निजामाकडे परत गेला. त्याही वेळी कुणी अंधारी चढून लढले नाही. कागदावर शिक्का झाला आणि दरवाजे उघडले.

म्हणजे श्रोते हो, ज्या वाटेच्या पायऱ्या मुद्दाम लहानमोठ्या केल्या, जिच्या तोंडावर शेगडी ठेवली, त्या वाटेवर शत्रूने लढून पाऊल टाकलेच नाही. तिने आपले काम चोख केले. शत्रू दुसऱ्या वाटेने आला, पोत्यांच्या वाटेने. कोठारातल्या शेवटच्या पायलीपाशी येऊन तो उभा राहिला.

श्रीलंकेत सिगिरिया नावाचा असाच एकटा खडक आहे, उंचीही जवळपास देवगिरीइतकीच. पाचव्या शतकात कश्यप नावाच्या राजाने वर राजवाडा बांधला आणि वर जायची वाट दगडाच्या प्रचंड सिंहाच्या पंजांमधून नेली. ते पंजे आजही आहेत. शेवटी भावाची फौज आली तेव्हा कश्यप खडक सोडून खाली मैदानात उतरला आणि तिथेच मेला. आपल्याकडे नाशिक भागात १८१८ नंतर इंग्रजांनी कित्येक किल्ल्यांच्या कोरीव पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या. डोंगर उडवता येत नाही, पण पायऱ्या गेल्या की किल्ल्याचा नुसता डोंगर होतो, हे त्यांनी बरोबर ओळखले. देवगिरीच्या पायऱ्या पोटात असल्यामुळे म्हणा, किंवा हा मुलूख निजामाचा असल्यामुळे म्हणा, शाबूत राहिल्या.

या वाटेने लढणारे वर गेले नाहीत, पण दुसरी माणसे पुष्कळ गेली. पाणक्ये गेले, हमाल गेले, दिवटी धरणारे गेले. सोळाव्या शतकात या किल्ल्याचा कारभार जनार्दनस्वामींकडे होता. हे मूळचे चाळीसगावचे देशपांडे. त्यांचे स्थान वर माथ्याजवळ आहे. पैठणचा एक कोवळा मुलगा गुरूच्या शोधात घरातून निघाला आणि चालत चालत देवगिरीला आला, अशी परंपरा आहे. तो मुलगा म्हणजे संत एकनाथ. हिशेबातली एका पैची चूक शोधण्यासाठी तो इथे रात्रभर जागला, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकली आहेच. ते हिशेब कशाचे असतील? किल्ल्याच्या कारभाराचे, म्हणजे धान्य, गवत, तेल, दारू, पगार यांचेच. वर सांगितलेल्या १२९६ आणि १६३३ च्या हकीकती ध्यानात घेतल्या, तर किल्ल्यावर हिशेबाच्या चुकीला एवढे महत्त्व का असावे हे समजते. कोठारात किती पोती आहेत आणि त्यांत काय आहे हे कुणीतरी रात्री दिव्याशी बसून मोजायचे असते.

आपण मुलांना घेऊन जाणार असाल तर चार गोष्टी सांगून ठेवतो. पावसाळा सरल्यावर जावे, सकाळी लवकर. उन्हातून आल्या आल्या अंधारीत शिरू नये. तोंडाशी दोन-तीन मिनिटे उभे राहून डोळे काळोखाला सरावू द्यावेत. आत वटवाघळे आहेत, त्यांचा वास येतो, ती अंगावर येत नाहीत; हे मुलांना आधीच सांगितले म्हणजे किंकाळ्या होत नाहीत. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाईलचा दिवा असतो. एका वळणावर सगळ्यांना तो मिनिटभर विझवायला सांगा. वाट अरुंद आहे, म्हणून मुलांना एकामागे एक उभे करा आणि डावा हात भिंतीला टेकवायला लावा. खडक थंड लागतो, आणि पाथरवटाच्या टाकीचे घाव बोटांना एकेक करून मोजता येतात.